काळ्या गाईला तांबडं वासरू

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण आपण पोरांच्या संगतीवर वापरतो, पण ज्याने कुणी ती पहिल्यांदा म्हटली असेल त्याला गुरांचं बरंच कळत असणार. ढवळ्या पांढरा, पवळ्या पोवळ्याच्या रंगाचा, आणि वाण म्हणजे रंग. शेजारी बांधून रंग लागत नाही हे त्याने बघितलं होतं. मग रंग लागतो कुठून, हा प्रश्न गोव्यात आमच्या पेडण्यात काकांच्या गोठ्यात दोनेक वर्षांपूर्वी आला आणि त्यावरून चांगलं आठवडाभर भांडण चाललं.

झालं असं की काकांची एचएफ क्रॉस गाय (एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन, परदेशी दुधाळ जात), अंगाने काळीकुट्ट, फक्त कपाळावर आणि पोटाखाली पांढरं, तिला एचएफच्याच काळ्या वळूचं इंजेक्शन देऊन भरवली होती. दिवाळीच्या चार दिवस आधी ती व्याली आणि पाडी निघाली चक्क तांबडी. तांबडी म्हणजे अगदी नवीन नळ्याच्या कौलासारखी, मध्ये मध्ये पांढरे बांडे. पाडव्याला गुरांना रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा घालायला शेजारीपाजारी आले ते माळा बाजूला ठेवून पाडीच बघत बसले. "ह्या तांबडा खंयसून इला?" म्हणजे हे तांबडं आलं कुठून, हा पहिला प्रश्न. काकांचं म्हणणं, इंजेक्शन देणाऱ्याने कांडी, म्हणजे वळूच्या वीर्याची नळी, चुकीची वापरली. शेजारच्या आजीचं म्हणणं, कांडीबिंडी काही नाही, वाड्यावर जो मोकाट तांबडा बैल फिरतो त्याचा हा प्रताप. गाय मात्र शांतपणे वासराला चाटत होती, तिला कोणी विचारलं नाही.

आता खरी गंमत अशी की या भांडणाचं उत्तर दुधाच्या गाईंपेक्षा मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या दुनियेत जास्त नीट सापडतं, कारण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तांबडी गुरं आणि काळी गुरं यांचं क्रॉसिंग इतकं प्रचंड चालतं आणि रंगावर इतका पैसा लागलेला असतो की तिथल्या लोकांनी हा हिशोब पार पाठ केलाय. आपल्याकडे गाय दुधाची, तिकडे मांसाची, पण केसाच्या मुळाशी जे चालतं ते दोन्हीकडे एकच.

तर केसाच्या मुळाशी काय चालतं? गुरांच्या केसात रंगद्रव्यं मुळात दोनच. एक काळं, त्याला युमेलॅनिन म्हणतात, आणि एक तांबडं-पिवळं, ते फिओमेलॅनिन. बाकी जे शंभर रंग दिसतात ते या दोघांचं कमीजास्त, पातळ-दाट आणि कुठे आहे-कुठे नाही एवढ्यावरच. रंग बनवणारी पेशी काळं बनवणार की तांबडं हे ठरवणारं एक बटण तिच्या आवरणावर बसलेलं असतं, आणि ते बटण ज्या जीनवरून बनतं त्याचं नाव एमसी१आर. बाहेरून हार्मोनचा निरोप आला की बटण दाबलं जातं आणि पेशी काळा रंग बनवायला घेते, निरोप नाही तर तांबडा.

या बटणाचे गुरांमध्ये मुख्य तीन प्रकार. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर डोळ्यांपुढे आणा. पहिला प्रकार म्हणजे स्टार्टर 'चालू'वर अडकून बसलेला, निरोप येवो न येवो, पंप धो धो काळं ओढतोय. अँगस ही मांसाची काळी जात आणि बहुतेक एचएफ या प्रकारातले. दुसरा प्रकार नीट चालणारा स्टार्टर, कधी चालू कधी बंद, म्हणून जर्सी कशी अंगाने बदामी आणि तोंडाकडे, पायाकडे काळपट असते. तिसरा प्रकार म्हणजे वायरच तुटलेली. कितीही दाबा, काळं येतच नाही, मग सगळं अंग तांबडं. रेड अँगस, हेरफर्ड या मांसाच्या तांबड्या जाती या तिसऱ्यातल्या.

वायर तुटते म्हणजे नक्की काय होतं, ते नॉर्वेच्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं, आणि मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो कारण चूक एवढीशी आहे. डीएनए तीन-तीन अक्षरांचे गट करून वाचला जातो. समजा वाक्य आहे 'मदन बदक पकड'. आता यातलं एकच अक्षर, मदनमधला द, गाळा आणि तरीही तीन-तीननेच वाचा: 'मनब दकप कड'. संपलं, बदक सुटलं. तांबड्या गुरांच्या एमसी१आरमध्ये असंच एक अक्षर गळालंय, त्यापुढचं सगळं वाचन घसरतं, मध्येच 'थांबा' अशी खूण लागते आणि बटण अर्धवट बनून फुकट जातं. एका अक्षराची चूक आणि अख्खा कळप तांबडा.

त्याच वर्षी माणसांच्या लाल केसांचा संबंधही याच जीनशी आहे हे कळलं, अक्षरं वेगळी बिघडतात पण जीन तोच. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर तुम्ही बघितलं असेलच, लाल केसांचा एखादा युरोपियन टॉवेल टाकून पडलाय आणि बाजूला वाळूत आपली एक तांबडी गाय रवंथ करत बसलीय. ती गाय गावठी असेल तर तिचं तांबडं दुसऱ्याच कारणाने असू शकतं, पण रेड अँगस असती तर दोघांचं तेच एक बटण बिघडलंय असं म्हणता आलं असतं.

आता वारसा. प्रत्येक गुराकडे या जीनच्या दोन कॉपी, एक आईची एक बापाची. 'चालू अडकलेली' कॉपी एक जरी असली तरी जनावर काळं, कारण एक पंप चालू असला की पाणी येणारच. तांबडं दिसायला मात्र दोन्ही कॉपी तुटलेल्या लागतात. म्हणजे काळ्या गुराच्या पोटात तुटलेली कॉपी पिढ्यानपिढ्या गप्प बसू शकते, पुसली जात नाही, पातळ होत नाही, फक्त दिसत नाही. आणि असे दोन काळे, दोघांकडे एकेक लपलेली कॉपी, एकत्र आले की दर वासरामागे चारात एक संधी तांबड्याची.

चारात एक म्हणजे चौथं वासरू तांबडं असं नव्हे हं, इथे सगळे चुकतात. प्रत्येक वेळी नव्याने नाणं उडतं, गाईकडून एक आणि वळूकडून एक. अशा जोडीची चार वासरं ओळीने काळी येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे, म्हणजे दर तीन गोठ्यांतल्या एका गोठ्यात मालकाला चार वेतांनंतरही पत्ता लागणार नाही. मग पाचवं तांबडं येतं आणि बिचारा इंजेक्शनवाला शिव्या खातो.

उलट बाजू सोपी. तांबडं आणि तांबडं, दोघांकडे दोन्ही कॉपी तुटलेल्या, तर वासराला चांगली कॉपी देणार कोण? रेड अँगस गाय, रेड अँगस वळू आणि वासरू काळं, असं झालं तर तिकडचा माणूस आधी कुंपण तपासायला जातो. आणि शुद्ध काळ्या अँगसवर रेड अँगस लावला तर पहिली पिढी सगळी काळी, पण एकूण एक तांबडं पोटात घेऊन फिरणारी, त्यांना परत रेड अँगस लावला की अर्धी काळी अर्धी तांबडी.

डीएनए टेस्ट यायच्या आधी एखाद्या काळ्या वळूच्या पोटात लाल आहे का हे शोधायला त्याला तांबड्या गाईंवर सोडायचे. लाल असेल तर दर वासराला अर्धी संधी बाहेर पडायची. सात वासरं ओळीने काळी आली तर लाल असूनही असं होण्याची शक्यता १२८ मध्ये एक उरते, मग वळूला पास करायचे. एक तांबडं निघालं की मात्र खेळ खलास. आता शेपटीचे चार केस मुळासकट उपटून लॅबला पाठवले की काम होतं, सात गाईंची नऊ महिन्यांची गाभणी वाचते.

हे एवढं सगळं कशाला, तर अमेरिकेत लाल अँगस वासरू म्हणजे कलंक समजायचे. १९१७ मध्ये तिथल्या अँगस संघटनेने तांबड्या जनावरांची नोंदणीच बंद केली. पण नोंदणी बंद करून जीन बंद होत नाही, काळ्यांच्या पोटातून ती येतच राहिली, शेवटी काही लोकांनी हीच नाकारलेली गोळा करून १९५४ मध्ये रेड अँगसची वेगळी संघटना काढली. मग १९७८ मध्ये सर्टिफाइड अँगस बीफ हा ब्रँड आला, त्यात जायला जनावराचं अंग मुख्यतः काळं असावं लागतं, त्यामुळे बाजारात काळ्या कातड्याला चार पैसे जास्त, त्यामुळे मूळचं तांबडं-पांढरं सिमेंटल जातीचं गुरूसुद्धा तिकडे अँगसशी क्रॉस करून करून काळं करून टाकलं. कातडं तर सोलून बाजूलाच ठेवतात, ताटात रंग येतो कुठे! पण बाजाराला कोण शिकवणार. आपल्या एप्रिलच्या उन्हात उभं केलं तर काळं कातडं ऊन जास्त शोषतं आणि तांबडं कमी, तो हिशोब वेगळाच.

इथवर एकच जीन होता म्हणून सोपं होतं. क्रॉसब्रीडमध्ये दुसरे जीन येऊन पहिल्याच्या कामावर पाणी ओततात, आणि शारोलेच्या बाबतीत तर ते अगदी शब्दशः. ही फ्रान्सची मलईच्या रंगाची जात, मुळात तांबडीच, पण पीएमईएल नावाच्या जीनमधल्या बदलामुळे रंग पातळ होतो. एक कॉपी असली तर थोडा पातळ, दोन असल्या तर जवळजवळ पांढरा. म्हणून शारोले आणि रेड अँगसचं वासरू फिकट पिवळसर, आणि शारोले आणि काळ्या अँगसचं धुरकट राखाडी. आता दोन धुरकट एकमेकांना लावा आणि मजा बघा. १६ वासरांचा हिशोब धरला तर सरासरी सहा धुरकट, तीन काळी, दोन पिवळसर, चार जवळपास पांढरी, आणि चांगलं गडद तांबडं फक्त एक. त्या एका तांबड्याचे आई-बाप-आजोबा-पणजोबा कुणीच तसे दिसायला नव्हते.

शॉर्टहॉर्न जातीचं आणखी वेगळं. तिथे तांबडं आणि पांढरं मिळून मधलं काहीतरी येतं, पण दूध-चहासारखं एकजीव नाही, तांबडे केस आणि पांढरे केस शेजारीशेजारी, तांदळात मसूर मिसळल्यासारखे. हेरफर्डचं पांढरं तोंड मात्र हट्टी, कशाशीही क्रॉस करा, वासराचं तोंड पांढरंच. काळ्या अँगसशी केलं तर अंग काळं तोंड पांढरं, आणि हेरफर्ड स्वतः तांबडं असल्याने असं प्रत्येक वासरू गुपचूप लाल बाळगून असतं.

आणि आपल्या गुरांचा हात त्यातही आहे बरं का. अमेरिकेची ब्राह्मण जात गुजरातची कांक्रेज, गीर, आंध्रची ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरं यांच्या रक्तातून झाली. टेक्सासच्या किंग रँचवाल्यांनी शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण मिसळून चेरीसारखी लाल सांता गर्ट्रुडिस जात काढली, १९४० मध्ये तिला मान्यता मिळाली, तिचा मूळपुरुष १९२० मध्ये जन्मलेला एक लाल वळू, ज्याचं नाव चक्क मंकी. हेरफर्ड-ब्राह्मण क्रॉसमध्ये तर तांबड्या अंगावर वाघासारखे काळे पट्टे उमटतात, कारण ब्राह्मणकडून नीट चालणारा स्टार्टर येतो, मग काळं कधी चालू कधी बंद.

म्हणूनच सगळं तांबडं एका कारणाचं नसतं. नाक बघा. वायर तुटलेल्या तांबड्या जनावराचं नाक मांसल गुलाबी किंवा तपकिरी, काळं नाही. अंग तांबूस पण नाक काळं, शेपटीचा गोंडा काळा, तर ते दुसऱ्या प्रकारचं, जर्सीसारखं. एचएफमध्ये तर तिसरंच लाल सापडलं, १९८० मध्ये कॅनडात जन्मलेल्या रोझाबेल नावाच्या कालवडीपासून आलेलं, जे एक कॉपी असली तरी दिसतं, काळ्यावरही मात करतं. आणि कधी कधी काळी गायच उन्हाने किंवा अंगात तांबं कमी पडल्याने गंजल्यासारखी तांबूस दिसते, त्यात वारसाबिरसा काही नाही.

आपल्या गोव्याची श्वेत कपिला बघा, नाकापासून शेपटीपर्यंत पांढरी, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. आता कपिल या शब्दाचा मूळ अर्थ पिंगट, तांबूस. म्हणजे नावाचा अर्थ झाला पांढरी तांबडी. भाषेतही रंग लपून राहतात म्हणायचं.

तर काकांचं भांडण. मी जाऊन पाडीचं नाक बघितलं, गुलाबी, शेपटीत एक काळा केस नाही. आई काळी, त्यामुळे हे रोझाबेलवालं लाल आईकडून आलेलं नसणार एवढं नक्की, ते असतं तर आईच लाल दिसली असती. सरळ अर्थ, आईच्या पोटात लाल होतं आणि बापाकडूनही आलं. काकांना सांगितलं, कांडी चुकली असं यावरून सिद्ध होत नाही, काळ्या एचएफ वळूंमध्येही लाल बाळगणारे असतात. पण आजीलाही खोटं पाडता येत नव्हतं, कारण रंग फक्त एवढंच सांगतो की बापाने लाल दिलं, कुठल्या बापाने ते नाही सांगत. हे ऐकून दोघंही माझ्यावरच चिडले. पाडीचं नाव पवळी ठेवलं.

मागच्या महिन्यात पवळी पहिल्यांदा व्याली. यावेळी काकांनी स्वतः उभं राहून कांडीवरचा वळूचा नंबर वहीत लिहून घेतला होता, वळू काळा. पाडा झाला, काळा कुळकुळीत. काकांनी फोन केला, "आणि आता ह्या काळा कोणाचा?" मी म्हटलं, वहीत लिहिलाय त्याचा असेल, काळं पवळीकडे नव्हतंच. आणि पवळीकडे दोन्ही कॉपी लालच आहेत, त्यामुळे या काळ्या पाड्याच्या पोटात एक लाल आहे, त्यावर मी पैज लावायला तयार आहे. काका म्हणाले, पैजेचं नंतर बघू, आधी येऊन खरवस घेऊन जा.