क्रॉफ्ट-जीवनाची छायाचित्रे, आउटर हेब्रिडीज

स्कॉटलंडच्या वायव्येकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर (लुइस, हॅरिस, नॉर्थ व साउथ यूइस्ट, बारा इ.) क्रॉफ्ट कसणाऱ्या कुटुंबांची, साधारणतः १८६० ते १९६० या काळातील छायाचित्रे. क्रॉफ्ट म्हणजे जमीनदाराकडून खंडाने घेतलेला काही एकरांचा तुकडा व त्यासोबत वाडीच्या सामाईक गायरानातील वाटा. एवढ्यावर भागत नसल्याने कुळे मासेमारी व मजुरीही करीत. सागरी शेवाळ जाळून क्षार काढण्याच्या धंद्यासाठी मजूर किनाऱ्यावर राहावेत, म्हणून जमीनदारांनी असे अपुरे तुकडे आखले असावेत, असे बहुतेक इतिहासकार मानतात. नेपोलियनच्या युद्धांनंतर हा धंदा बसला आणि बेदखली वाढली. १८८६ च्या कायद्याने कुळांना कायम कब्जा, वाजवी खंड व केलेल्या सुधारणांची भरपाई हे हक्क मिळाले.

या बेटांवरील आरंभीची छायाचित्रे पाहुण्यांनी घेतलेली आहेत. नौदलाचे कॅप्टन टॉमस यांनी १८६० मध्ये सेंट किल्डा या दूरच्या बेटावर छायाचित्रे घेतली. पुढे ॲबर्डीनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या पेढीने असे देखावे विक्रीसाठी काढले. पाठीवर पीटची (दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनमातीची) टोपली आणि हातात विणकाम अशी चालणारी स्त्री पोस्टकार्डांवर वारंवार दिसते. प्रसंग अनेकदा जुळवून आणलेला असला, तरी रीत खरी होती.

या चित्रांतील ‘काळ्या घरां’चे वय हा वादाचा विषय आहे. दुहेरी दगडी भिंतींमध्ये माती भरलेली, गवताने शाकारलेले छप्पर दोरांनी व दगडांनी दाबलेले, मधोमध धुराड्याविना चूल आणि त्याच छपराखाली गोठा, अशी ही घरे. जुन्या लेखकांनी त्यांची परंपरा थेट लोहयुगापर्यंत नेली. बांधणीची काही अंगे प्राचीन असतीलही. तथापि आज उभी असलेली बहुतेक घरे १९ व्या शतकातील दिसतात. लुइसमधील आर्नॉलचे ४२ क्रमांकाचे घर त्या शतकाच्या उत्तरार्धातील असून त्यात १९६६ पर्यंत वस्ती होती. तेव्हा छायाचित्रात दिसते ती आदिम वस्ती नव्हे, क्रॉफ्ट पद्धतीतलीच वस्ती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कालनिर्णयासाठी धुराडे, मोठी खिडकी वा पन्हळी पत्रा यांचा आधार घेतात. मात्र जुने घर पुढे गोठा म्हणून वापरात राही, त्यामुळे घरावरून केलेला निर्णय फसवा ठरू शकतो.

घरगुती संग्रहांत वेगळेच विषय आढळतात : नौदलाच्या गणवेशातील मुलगा, कॅनडातून आलेले लग्नाचे चित्र, नव्या पांढऱ्या घरापुढे उभे कुटुंब. हेरिंग मासे साफ करण्यासाठी मासेमारी ताफ्यामागोमाग इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यारमथपर्यंत जाणाऱ्या मुली तेथील स्टुडिओत चित्र काढून घेत. कामाच्या जागी घेतलेल्या चित्रांत सुरी व मीठ लागू नये म्हणून त्यांच्या बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या स्पष्ट दिसतात.

अमेरिकन अभ्यासक मार्गारेट फे शॉ यांचे काम पाहुण्यांची चित्रे व घरगुती संग्रह या दोहोंच्या मधले. १९२९ ते १९३५ या काळात त्या साउथ यूइस्टवर दोन बहिणींच्या घरी राहिल्या व गीते टिपता टिपता छायाचित्रेही घेत गेल्या. त्यांचा संग्रह कॅना बेटावर आहे.

१९७० च्या दशकापासून स्थानिक इतिहास मंडळे (लुइसमधील नेसचे १९७७ मधील) घरोघरची चित्रे गोळा करीत आहेत. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असल्याने नोंदीत बाप-आजाचे नाव, टोपणनाव व क्रॉफ्टचा क्रमांक लिहितात.