दोन ठोंबांमधली जागा

ऑक्टोबरात पुण्याजवळचा दिवेघाट चढून सासवडच्या पठारावर जा. माळ तांबूस झालेले असतात. अर्धा तास फिरा आणि मग स्वतःचे मोजे बघा. त्यात रुतून बसलेली कुसळं म्हणजे म्हणीतली, दुसऱ्याच्या डोळ्यात दिसणारी तीच. ती ज्या गवताची, त्याला आपल्याकडे कुसळी म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात हेटेरोपोगॉन कंटॉर्टस.

मोज्यातलं एक कुसळ ओढून काढा, तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. क्षणभर काहीच होत नाही. मग ती काडी अंग मोडून उठल्यासारखी हळूहळू गरगर फिरायला लागते. कुसळ केव्हाच वाळून मेलेलं असतं, तरी फिरतं. त्याच्या पेशींच्या भिंतींमधले तंतू मळसूत्रासारखे तिरपे लावलेले असतात. ओल लागली की भिंती फुगतात आणि पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. मध्येच कोपरासारखा एक बाक असतो. त्याच्या पुढचं टोक शेजारच्या काडीला अडकलं की फिरणं सगळं खालच्या बीकडे जातं. बीच्या अणकुचीदार टोकावर उलट्या दिशेची राठ लव असते, त्यामुळे ते आत जातं, पण मागे येत नाही. दव पडलं की एक पीळ, ऊन पडलं की एक पीळ, असं करत बी स्वतःला मातीत पेरून घेतं. उन्हाळ्यात माळाला वणवा लागला, तरी मातीतलं बी वाचतं. मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसणारं कुसळही हेच, त्यामुळे धनगरांना त्याचं कौतुक असायचं काही कारण नाही.

आता खाली बसा. हे गवत हिरवळीसारखं सलग पसरत नाही, ठोंबाठोंबाने वाढतं. नवे फुटवे जिथून येतात ते डोळे जमिनीलगत, जुन्या पानांच्या आवरणात दडलेले असतात. जनावरानं वरचं खाल्लं किंवा आग वरून गेली, तरी डोळे शाबूत राहतात. पावसाचं पाणी पानांवरून ओघळून ठोंबाच्या बुडाशी येतं, वाहून येणारी माती आणि पालापाचोळा तिथेच अडतो. म्हणजे प्रत्येक ठोंब हा एक छोटासा बांधच. आणि दोन ठोंबांच्या मध्ये? मुरूम, खडे, उघडी जमीन. बघणाऱ्याला वाटतं, इथे काही नाही.

त्या 'काही नाही'कडे वर्षभर लक्ष ठेवायला हवं. एप्रिल-मेच्या रखरखाटात, पान एकही नसताना, रानकांद्याचा दांडा मातीतून सरळ वर येतो आणि फुलतो. पहिल्या पावसाबरोबर काळ्या मुसळीची पिवळी चांदणी अगदी भुईला टेकून उमलते. तिचा बीजकोश तर जमिनीच्या खालीच असतो. श्रावण-भाद्रपदात शेवरा येतो. तो डाळींच्या कुळातला, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकरवी हवेतला नायट्रोजन मातीत आणणारा. विष्णुक्रांतेची निळी फुलं येतात. मग दुधाळी येते, तिच्या सुंदर गुलाबी फुलांवर जाऊ नका. ती खालून गवताच्या मुळांना मुळं चिकटवून पाणी चोरते. ज्वारीतल्या टारफुल्याच्याच कुळातली ती. थंडीत गवत वाळल्यावर भुईगेंदाचे काटेरी गोळे जमिनीवर बसलेले दिसतात. एकाच वीतभर जागेत पाळीपाळीनं इतके भाडेकरू राहतात, आणि ते राहू शकतात कारण ठोंब एकमेकांना चिकटलेले नसतात.

1973 साली दाबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी भारतातल्या गवताळ भागांचे पाच प्रकार मांडले. दख्खनचा माळ त्यातल्या सेहिमा-डायकॅन्थियम प्रकारात मोडतो. सेहिमा म्हणजे आपला पवन्या, डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. मुरमाड जागी पवन्या, सपाट भारी जमिनीत मारवेल, उतारांवर डोंगरी नावाचं गवत. ही चांगली, अनेक वर्षं टिकणारी, गुरांना आवडणारी गवतं. चराई हाताबाहेर गेली की ती आधी संपतात आणि कुसळी पुढे सरकते. तरीही थांबलं नाही, तर तीन फाट्यांच्या कुसळांची, वर्षभरात आटोपणारी ॲरिस्टिडा उरते. माळाची तब्येत कशी आहे, हे गवतावरून असं सरळ वाचता येतं. पण चराई पूर्ण बंद करणं हाही उपाय नव्हे. जुनं वाळकं गवत साठून राहिलं की नव्या फुटव्यांना उजेड मिळत नाही आणि ठोंब आतून मरत जातो.

सरकारी कागदांत मात्र यातली बरीच जमीन 'पडीक'. मग तिथे चर खणतात आणि गिरिपुष्पाची झाडं लावतात. हेतू चांगला असेलही, पण चर खणताना जुने ठोंब मुळासकट उपटले जातात, रानकांदा उलटा होऊन उन्हात पडतो. शिवाय ही सगळी गवतं कडक उन्हात अन्न बनवण्याच्या खास पद्धतीवर जगणारी. सावली त्यांना मानवत नाही.

इथे पूर्वी जंगल होतं, ते आपण तोडलं, म्हणून आता झाडं लावायची, असा एक समज यामागे असतो. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी 2025 साली वेगळ्याच वाटेनं त्याची तपासणी केली. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य, ओव्या, कथा चाळल्या आणि त्यात कोणती झाडं-झुडपं येतात ते पाहिलं. निम्म्याहून अधिक उघड्या माळावरची निघाली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला माळ किमान साडेसातशे वर्षांचा तरी आहे.

माळाला झाडाचं वावडं नाही. हिवर तिथलाच. त्याची पानं बारीक, सावली विरळ, बुंध्यापर्यंत ऊन उतरतं. हिवराखाली पवन्या उगवतो.