डीबग एक्सेप्शन : कर्नेलमधील हाताळणी

डीबग एक्सेप्शन हे एक्स८६ प्रोसेसरवरील व्हेक्टर क्रमांक १ चे एक्सेप्शन, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारी घटना; व्हेक्टर हा तिचा ओळख-क्रमांक. हार्डवेअर ब्रेकपॉइंट (ठरवलेल्या पत्त्यावर थांबण्याची खूण) लागला किंवा सिंगल-स्टेपचा (एकेक सूचना चालवून थांबण्याचा) ट्रॅप फ्लॅग चालू असला, की नियंत्रण कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हँडलरकडे जाते. १९८५ च्या ८०३८६ पासून यासाठी वेगळी रजिस्टर आहेत : डीआर० ते डीआर३ मध्ये पत्ते, डीआर६ मध्ये कारण, डीआर७ मध्ये नियंत्रण.

हे एक्सेप्शन केव्हा उठेल हे बऱ्याच अंशी युजर प्रोग्रॅमच्या हातात असते, आणि खरी जोखीम तिथेच आहे. डीबगरने प्रोग्रॅमच्या मेमरीवर वॉचपॉइंट (त्या मेमरीला हात लागताच थांबवणारा ब्रेकपॉइंट) लावला आणि सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने सांगितलेले काम करताना, कर्नेलने तीच मेमरी वाचली, तर एक्सेप्शन कर्नेलच्या आत येते. हा प्रकार त्यातल्या त्यात सौम्य.

गंभीर प्रकार मे २०१८ मध्ये उघड झाला (सुरक्षा-त्रुटी क्रमांक सीव्हीई-२०१८-८८९७). मोव्ह एसएस किंवा पॉप एसएस या, स्टॅक सेगमेंट रजिस्टर बदलणाऱ्या सूचनांनी उठवलेले डीबग एक्सेप्शन प्रोसेसर पुढची सूचना संपेपर्यंत लांबवतो. ती सूचना सिसकॉल (प्रोग्रॅममधून कर्नेलमध्ये नेणारी) असेल, तर एक्सेप्शन कर्नेलची पहिली सूचना चालण्याआधी येते. तेव्हा स्टॅक पॉइंटर आणि जीएस बेस (ज्याच्या आधारे कर्नेल स्वतःची माहिती शोधतो तो पत्ता) दोन्ही युजरचेच असतात, पण जतन झालेला सीएस (कोड युजरचा चालू होता की कर्नेलचा हे सांगणारे रजिस्टर) ‘कर्नेल’ म्हणतो. त्या सीएसवर विसंबणारा हँडलर युजरने दिलेला जीएस कर्नेलचा समजून वापरतो. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, फ्रीबीएसडी या सगळ्यांना दुरुस्त्या काढाव्या लागल्या. प्रोसेसरच्या दस्तऐवजातील नियमाचा अर्थ अनेकांनी सारखाच चुकीचा लावला होता.

म्हणून ६४-बिट लिनक्स या व्हेक्टरला आयएसटीतून (इंटरप्ट स्टॅक टेबल, प्रोसेसरमधील ठरावीक स्टॅकच्या पत्त्यांची यादी) स्वतंत्र स्टॅक देतो आणि कर्नेलमधून आल्यासारखे दिसले तरी जीएस बेस प्रत्यक्ष तपासतो. मात्र आयएसटी दर वेळी स्टॅक त्याच पत्त्यापासून सुरू करतो. हँडलर चालू असताना दुसरे डीबग एक्सेप्शन आले, तर पहिल्याची फ्रेम (परतण्यासाठी स्टॅकवर जतन केलेली माहिती) पुसली जाते आणि परतायला जागाच उरत नाही. २०२० मधील लिनक्स ५.८ ने यावर सरळ उपाय केला : हँडलरमध्ये शिरताच डीआर७ मधील ब्रेकपॉइंट बंद करायचे, बाहेर पडताना पूर्ववत करायचे. यापेक्षा हुशार उपाय शोधण्यात अर्थ नाही.

डीआर६ प्रोसेसर स्वतः पुसत नाही. हँडलरने ते आधी वाचून साफ केले नाही, तर पुढच्या खेपेला जुने कारण नव्यात मिसळते. इन्स्ट्रक्शन ब्रेकपॉइंट सूचना चालण्याआधी लागतो. परतताना आरएफ (रिझ्यूम, म्हणजे ‘या सूचनेवर आता थांबू नको’ सांगणारा) फ्लॅग नसेल तर तो तिथेच पुन्हा लागत राहतो. डेटा वॉचपॉइंट सूचना पूर्ण झाल्यावर येतो, त्याला ही काळजी नाही. युजरने कर्नेलच्या पत्त्यावर ब्रेकपॉइंट मागितला, तर ती मागणी रजिस्टरपर्यंत पोचण्याआधीच नाकारावी लागते.