राष्ट्रीय संग्रहालयांतील लॅटिनो इतिहास (अमेरिका)

अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांत लॅटिनो, म्हणजे मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन व इतर लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांचा इतिहास किती आणि कसा मांडावा, यावर तीन दशकांहून अधिक काळ वाद चालू आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या सुमारे ६.२१ कोटी आहे. ते सगळे बाहेरून आलेले, ही समजूत मात्र खरी नाही. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेत गेला आणि तिथले रहिवासी जागच्या जागी परक्या राज्यात आले. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडले,’ असे चिकानो, म्हणजे मेक्सिकन मुळांच्या अमेरिकनांच्या हक्कांच्या, चळवळीत म्हणत, ते यामुळेच.

वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालय-समूहाने नेमलेल्या कार्यगटाने १९९४ साली अहवाल दिला. त्याचे नावच ‘जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष’ अशा अर्थाचे होते. संस्थेने स्वतःविरुद्ध इतका परखड अहवाल स्वतःच मागवावा, हे क्वचितच घडते. पुढे लॅटिनो विषयांसाठी संस्थेत स्वतंत्र केंद्र निघाले, संग्रहही वाढला.

त्या संग्रहातील एक वस्तू लक्षात राहते : आखूड दांड्याची कुदळ, स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’. कॅलिफोर्नियातील मजूर ती घेऊन दिवसभर कमरेत वाकून राबत. दांडा लांब असता तरी काम झाले असते. पण वाकलेला मजूर काम करतो आहे, हे मुकादमाला लांबूनच दिसे. पाठी कायमच्या मोडू लागल्यावर १९७५ मध्ये तिथे तिच्यावर बंदी आली.

लॅटिनोंच्या स्वतंत्र राष्ट्रीय संग्रहालयाचे पहिले विधेयक २००३ साली मांडले गेले. कायदा झाला तो डिसेंबर २०२० मध्ये. इमारत अद्याप उभी नाही. निम्मा खर्च देणग्यांतून उभारायचा आहे, आणि नॅशनल मॉल या राजधानीच्या मध्यवर्ती पट्ट्यातील पसंतीच्या जागेसाठी काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, वेगळी मंजुरी लागते. तोवर अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जून २०२२ मध्ये मोलिना कुटुंबाच्या नावाचे ४,५०० चौरस फुटांचे दालन उघडले. पहिल्या प्रदर्शनाचे नाव ‘प्रेसेंते!’, म्हणजे ‘हजर!’, मजकूर इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही भाषांत.

सर्वांत बोचरी टीका घरातूनच आली. काही रूढिवादी लॅटिनोंच्या मते या दालनात आपला समाज केवळ पीडित म्हणून दिसतो, कम्युनिस्ट राजवटींतून पळून आलेल्यांची बाजू दुबळी पडते. २०२३ मध्ये फ्लोरिडाचे क्यूबन वंशाचे काँग्रेस सदस्य मारिओ दियास-बालार्त यांच्या पुढाकाराने नियोजित संग्रहालयाचा निधी रोखण्याचा प्रयत्न झाला. मजकुराच्या फेरतपासणीचे आश्वासन मिळाल्यावर तो निवळला. लॅटिनो तरुणांच्या नागरी हक्क चळवळींवरचे नियोजित प्रदर्शन बाजूला पडले आणि त्याऐवजी साल्सा संगीताचा विषय निवडला गेला. साल्सा निरुपद्रवी म्हणूनच निवडला, असे टीकाकार म्हणतात. पण न्यूयॉर्कच्या प्वेर्तो रिकन वस्त्यांत वाढलेल्या या संगीतालाही राजकारण नवे नाही.