मोटर-पर्याययोजना (कोकण किनारा)

यंत्रावर बसलेल्या ज्या मोटरीचे उत्पादन कंपनीने बंद केले आहे किंवा होऊ घातले आहे, तिच्या जागी कोणती मोटर, केव्हा आणि काय फेरफार करून बसवायची हे जुनी मोटर चालू असतानाच ठरवून ठेवण्याची देखभाल-पद्धत. तारापूर, तळोजे, रोहा-धाटाव, महाड, लोटे-परशुराम, खेर्डी-खडपोली, मिरजोळे, कुडाळ या औद्योगिक वसाहतींतील कारखाने आणि बंदरांवरचे बर्फाचे कारखाने, काजू व आंबा प्रक्रियेचे उद्योग यांना ती सारखीच लागू पडते. खारी हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि घाटरस्त्यांवरची वाहतूक यांमुळे किनाऱ्यावर तिचे वेळापत्रक देशावरच्या कारखान्यांपेक्षा वेगळे आखावे लागते.

उगम : या पद्धतीचा आरंभ काही जण संरक्षण व इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांतील कालबाह्यता-व्यवस्थापनात पाहतात. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग) ६२४०२ हे त्याविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक २००७ मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. मात्र मोटरींच्या बाबतीत हा प्रश्न त्याहून बराच जुना आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. अमेरिकेतील नेमा या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेने १९५२ मध्ये ‘यू’ आणि १९६४ मध्ये ‘टी’ फ्रेमची, म्हणजे मोटरीच्या सांगाड्याची, मापे ठरवली. दोन्ही वेळी तीच अश्वशक्ती पूर्वीपेक्षा लहान सांगाड्यात बसू लागली. उदाहरणार्थ, १० अश्वशक्तीची चार ध्रुवांची मोटर २५६यू फ्रेममधून २१५टी मध्ये आली. जुन्या पायावर नवी मोटर बसेना, म्हणून मधे घालायच्या तयार बैठका बाजारात आल्या. पर्याययोजनेचे पहिले ठोस रूप या बैठकांतच दिसते.

फ्रेमची मापे : भारतातील प्रमाणित मोटरींची मापे पायांवर बसणाऱ्या प्रकारासाठी आयएस (भारतीय मानक) १२३१ मध्ये (१९७४ ची आवृत्ती) आणि फ्लेंजवर (तोंडाशी असलेल्या भोकांच्या चकतीवर) बसणाऱ्या प्रकारासाठी आयएस २२२३ मध्ये (१९८३) दिलेली आहेत. दोन्ही मानके आयईसीच्या मापांना धरून आहेत. फ्रेमचा आकडा म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. १३२ फ्रेमचा शाफ्ट ३८ मिमी व्यासाचा, १६० चा ४२ आणि १८० चा ४८ मिमी असतो. हे जुळत असेल तर कंपनी कोणतीही असो, मोटर भोकांवर बसते. सीमेन्सच्या १एलए७ मालिकेच्या जागी १एलई१ मालिका आली तेव्हा प्रमाणित फ्रेमच्या ग्राहकांना पाया फोडावा लागला नाही, तो याच कारणाने.

उंचीचे आकडे कोठून आले, हे दोन तऱ्हांनी सांगता येते. ५६, ६३, ७१, ८०, ९०, १००, ११२ ही मालिका शार्ल रनार या फ्रेंच लष्करी अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पसंत-अंकांची आहे. रनारने ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात बलूनच्या दोरखंडांच्या जाड्या कमी प्रकारांत बसवण्यासाठी मांडले. या मालिकेत प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी मोठा असतो. पण ११२ च्या पुढे मालिकेप्रमाणे १२५ आणि १४० यायला हवेत, तेथे १३२ आहे. दुसरी तऱ्हा इंचांची : २१५टी या जवळच्या अमेरिकन फ्रेमची उंची ५¼ इंच, म्हणजे १३३.३५ मिमी. पायांच्या भोकांमधली आणि शाफ्टच्या खांद्यापासून भोकापर्यंतची अंतरे पाहिली तर इंचांचा ठसा अधिकच उघड होतो. १३२एम (एम म्हणजे मध्यम लांबीच्या) फ्रेमची २१६, १७८ आणि ८९ मिमी ही मापे म्हणजे ८½, ७ आणि ३½ इंच होत. १६०एम ची २५४, २१० आणि १०८ ही १०, ८¼ आणि ४¼ इंच होत. उंची बहुतांशी रनारच्या अंकांतून आणि भोकांची अंतरे इंचांतून आली, असा मिश्र उगम मानणे मापांशी सर्वांत जुळते.

ही चर्चा जुन्या आयात यंत्रांपाशी थेट उपयोगी पडते. भारतात मापांचे दशमानीकरण १९५६ च्या कायद्याने सुरू झाले. कोकणातील औद्योगिक वसाहती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतरच्या, म्हणजे १९६२ नंतरच्या. त्यामुळे येथे इंची मोटर आली ती प्रामुख्याने आयात केलेल्या किंवा जुन्या म्हणून विकत घेतलेल्या यंत्राबरोबर. अशी २१५टी मोटर काढून ७.५ किलोवॅटची १३२एम बसवली तर चारही बोल्ट जागच्या जागी येतात आणि पाहणाऱ्याला काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात नवा शाफ्ट १.३५ मिमी खाली राहतो, आणि जुना शाफ्ट ३४.९ मिमीचा असल्याने कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) चढत नाही. पायाखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून उंची मिळते. शाफ्ट लेथवर उतरवण्यापेक्षा कपलिंगचे भोक ३८ ला बोअर करून नवा की-वे (पाचर बसण्याची खाच) पाडणे केव्हाही चांगले. एक माप पुढे मात्र प्रकरण उलटते. २५४टी ची उंची १५८.७५ मिमी, तर १६०एम ची १६०. आता नवी मोटरच १.२५ मिमी उंच होते आणि शिमचा उपाय मोटरीकडे चालत नाही. बैठक मिल करावी लागते, नाहीतर पंप किंवा गिअरबॉक्स उचलावा लागतो. मोटर जळाल्यावर रात्रपाळीत हे लक्षात येणे म्हणजे किमान दोन दिवस उत्पादन बंद. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांना हा त्रास जवळजवळ नाही. बर्फाच्या कारखान्यातील अमोनिया कॉम्प्रेसरची मोटर सरकत्या रेलवर असते, तेथे पट्ट्याची रेषा आणि ताण जुळला की पुरते.

नोंद : योजनेचा पाया म्हणजे मोटरींची नोंदवही. नेमप्लेटवरील किलोवॅट, व्होल्ट, फेरे, फ्रेम, ड्यूटी आणि संरक्षण-वर्ग त्यात येतात. परंतु किनाऱ्यावर नेमप्लेटवर विसंबून राहता येत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी खाऱ्या हवेने खवले धरते आणि दरवर्षीच्या रंगकामात मोटरीबरोबर तीही रंगवली जाते. रंग अलगद खरवडून, त्यावर खडू घासून फडक्याने पुसले की ठोकलेल्या अक्षरांच्या खाचांत पांढरे राहते आणि बहुतेक मजकूर वाचता येतो. मापे मोटर जागेवर असतानाच घ्यावीत. उंची मोजताना पायाच्या कडेचा गंज आणि रंगाचे थर आधी काढावेत. तेवढ्यानेच एक मिलिमीटर चुकतो आणि १३२ व १३३.३५ यांतला फरकच नाहीसा होतो. रिवाइंड केलेल्या (तारेची वेटोळी नव्याने भरलेल्या) मोटरीवर मूळ पट्टी असेलच असे नाही. टॅकोमीटरने (फेरे मोजण्याच्या उपकरणाने) फेरे मोजून चुंबकीय ध्रुवांची संख्या कळते, पण फ्रेमवरून अश्वशक्तीचा अंदाज बांधू नये. तीच फ्रेम वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या शक्तीला वापरली गेली आहे.

कार्यक्षमता : आयएस १२६१५ मानक आणि २०१७ चा गुणवत्ता नियंत्रण आदेश यांनंतर जुन्या कमी कार्यक्षम मोटरीची हुबेहूब जोड नव्याने मिळणे संपल्यात जमा आहे. आयई३ या वरच्या कार्यक्षमता-वर्गातील मोटर विजेची बचत करते, पण तिची घसर (फिरत्या चुंबकीय क्षेत्रामागे रेंगाळणे) कमी असल्याने ती थोडी वेगाने फिरते. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या जागी १४६५ आले तर पंख्याला किंवा सेंट्रिफ्यूगल पंपाला सुमारे ५ टक्के अधिक शक्ती लागते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सुरुवातीचा प्रवाहही जास्त असतो, म्हणून स्टार्टरची सेटिंग तपासावी लागते. रसायन कारखान्यातील सेंट्रिफ्यूजसारखे जड यंत्र वेग घ्यायला बराच वेळ लावते. तेथे केवळ किलोवॅट जुळवून मोटर मागवू नये.

जुनी मोटर रिवाइंड करत शक्य तितकी टिकवावी, हा एक पक्ष. ती चालू असतानाच नवी बसवून टाकावी, हा दुसरा. लहान कारखान्यांत पहिला रूढ आहे आणि प्रमाणित फ्रेमच्या साध्या मोटरीसाठी तो वावगाही नाही. ज्या मोटरीवाचून अख्खी लाइन थांबते आणि जिचे माप बाजारात नाही, तिच्यासाठी दुसराच पक्ष सुरक्षित.

कोकणातील काळवेळ : पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बर्फाच्या कारखान्यांना मोटर बदलायला हाच काळ सोयीचा. पण याच दिवसांत कुंभार्ली, आंबा आणि वरंधा घाटांत दरडी कोसळतात. म्हणून मोटर, शिम आणि बोअर केलेली पुली मेअखेरपर्यंत जागेवर पोचलेली हवी. आंब्याच्या रसाच्या कारखान्यांचा हंगाम नेमका एप्रिल ते जून. त्यांनी हेच काम दिवाळीनंतर करावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला आलेल्या पुराने चिपळूण बुडाले, त्याच सुमारास सावित्रीने महाड बुडवले. एका सुट्या मोटरीवर आखलेली योजना अशा वेळी तोकडी पडते, कारण तळमजल्यावरच्या सगळ्या मोटरी एकाच दिवशी भिजतात. भिजलेली मोटर आधी गोड्या पाण्याने धुऊन, साधारण ८० ते ९० अंश सेल्सियसला वाळवून, मेगरने (विद्युतरोधन मोजण्याच्या उपकरणाने) तपासल्याखेरीज चालू करू नये. कोणत्या मोटरी वाळवून वाचतील आणि कोणत्या आधीच दमल्या आहेत, हे नोंदवहीवरून ठरते. ती वही वरच्या मजल्यावर ठेवणे आवश्यक आहे.

ज्वालारोधक मोटरी : लोटे, महाड, तारापूर येथील द्रावकांच्या विभागांत प्रमाणित ज्वालारोधक मोटरच चालते. वायुगट (आयआयए, आयआयबी, आयआयसी) आणि तापमान-वर्ग दोन्ही जुळावे लागतात. टी४ वर्गात पृष्ठभाग १३५ अंशांपलीकडे तापू द्यायचा नसतो. शाफ्ट उतरवणे किंवा फ्लेंज घासणे यांनी ज्वालामार्गाची (आतली ज्वाला बाहेर येईपर्यंत विझवणाऱ्या अरुंद सांध्याची) फट बिघडू शकते आणि प्रमाणपत्र निरर्थक होते. त्यामुळे वर सांगितलेले लेथवरचे उपाय मोटरीवर न करता कपलिंगवर आणि बैठकीवर करावे लागतात.

डीसी व सर्व्हो मोटरी : डीसी मोटरीऐवजी एसी मोटर व ड्राइव्ह (वेग नियंत्रित करणारे उपकरण) घेताना मंद वेगात थंड ठेवण्यासाठी वेगळा ब्लोअर लागतो. सर्व्होमध्ये (अचूक स्थितीवर थांबणाऱ्या मोटरीत) मोटर, एन्कोडर (फिरण्याची स्थिती मोजणारा भाग) आणि ड्राइव्ह एकत्रच बदलण्याची तयारी ठेवावी लागते.

सुटी मोटर साठवणे : गोदामात पडून राहिलेली मोटर किनाऱ्यावर चालत्या मोटरीपेक्षा लवकर खराब होऊ शकते. वाइंडिंगमध्ये दमटपणा शिरतो आणि शेजारच्या यंत्रांच्या हादऱ्यांनी बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी खाच पाडतात. महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवणे, उघड्या शाफ्टला ग्रीस लावून कागद गुंडाळणे, हीटर असल्यास पावसाळाभर चालू ठेवणे आणि मे व ऑक्टोबरमध्ये मेगरचे आकडे वहीत लिहिणे, एवढी कामे त्यासाठी नेमून दिलेली असावीत.