जुनी पिकअप रिस्टोअर करायचीय? आधी आरटीओचे कागद, मग पाना

आमच्या वडिलांची १९८७ ची डिझेल पिकअप अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती, हौद्याच्या पत्र्याला भोकं पडलेली, फाळका एका बिजागरीवर लटकलेला. तरुणपणी याच गाडीनं मी गुऱ्हाळातला गूळ कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पोचवलाय. तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात बॉनेट उघडलं. तेव्हापासून सकाळी नऊ ते बारा मी गाडीपाशी असतो, नातू शाळेतनं आला की तोही येतो, पाने साईझप्रमाणं लावून ठेवणं हे त्याचं काम. इतकं मन लागलेलं मला नोकरीत आठवत नाही.

रंकाळ्यावर फिरायला जातो तिथं आमच्या वयाचे बरेच जण विचारतात, इंजिन कुठं केलंस, रंगाला किती गेले. कागदांचं कुणी विचारत नाही आणि खरी गाडी तिथंच अडते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच घालावी लागते हा समज डोक्यातनं काढा. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचा तो विषय दिल्ली आणि आजूबाजूच्या भागाचा आहे, आणि १५ वर्षांवरची गाडी काढायचीच हा नियम सरकारी मालकीच्या गाड्यांना आहे. आपल्याकडं खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, ती संपल्यावर गाडी तपासणीत पास झाली तर पुढं पाच-पाच वर्षांनी रिन्यू होते.

आता आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा. गाडी कुणाच्या नावावर आहे, खाजगी आहे की गुड्स म्हणजे ट्रान्सपोर्टमध्ये, आणि पहिल्या नोंदणीची तारीख काय. पुढचा सगळा रस्ता या तिन्हींवर ठरतो.

बहुतेक घरांत गाडी वडिलांच्याच नावावर असते आणि वडील गेलेले असतात. तिथं फॉर्म ३१ लागतो. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलायला अर्ज करायचा असा नियम आहे, आपल्याकडं वर्षानुवर्षं कुणी करत नाही, मीही उशीराच केला आणि दंड भरला. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयुसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. बहिणींच्या सह्या आधीच घेऊन ठेवा, दिवाळीला माहेरी येतात तेव्हा घेतल्या तर पुढचे दोन महिने वाचतात. गाडी कुणाकडनं विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८, ती हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. जुनं बँकेचं कर्ज आरसीवर तसंच लिहिलेलं असतं, फेडून वीस वर्षं झाली तरी, ते फॉर्म ३५ आणि बँकेच्या पत्रानं उतरवून घ्यायचं. आरसीच हरवली असेल तर पोलिसांकडं नोंद करून फॉर्म २६.

आमची आरसी म्हणजे जुनं पुस्तक होतं, कव्हर फाटलेलं, आत शाईचे शिक्के. असल्या जुन्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते, आणि नोंद नसेल तर ऑनलाईन अर्ज पुढं सरकतच नाही. त्यामुळं पहिल्या फेरीतच पुस्तक दाखवून बॅकलॉग एन्ट्री म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्या. कोल्हापूरच्या एमएच-०९ नंबरच्या आधीचा, १९८९ पूर्वीचा तीन अक्षरी नंबर असेल तर हे नक्की करा, आमचा तसाच होता.

आता रिन्यूअल. परिवहनच्या वाहन पोर्टलवर आरसी रिन्यूअलचा अर्ज करायचा, तोच फॉर्म २५, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपर्यंत करता येतो. फी भरायची, तारीख घ्यायची आणि गाडी तपासणीला न्यायची. २० वर्षांवरच्या चारचाकीची फी २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये झालीय, जीएसटी वेगळा, १५ ते २० वर्षांच्या गाडीला ५,०००. परदेशातनं आणलेली चारचाकी २० वर्षांवरची असेल तर ८०,०००. उशीर झाला तर खाजगी चारचाकीला महिन्याला ५०० रुपये दंड, म्हणजे शेडमध्ये झोपलेली गाडीसुद्धा खर्च वाढवतच असते. शिवाय १५ वर्षांवरच्या गाडीला पाच वर्षांचा पर्यावरण कर, चालू इन्शुरन्स, पीयुसी. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही आधीच बुक करा, त्याच्यावाचून बरीच कामं अडतात. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवली तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणून 'जरा ट्रायल घेऊन येतो' म्हणत बाहेर काढू नका, तपासणीला टो करून नेलेली बरी.

तपासणीत ब्रेक, हेडलाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर, टायर बघतात, पण सगळ्यात आधी चेसीस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतोय का ते. इथं माझी चूक झाली ती सांगतो. कागदाचं काही बघायच्या आधीच मी गाडी पत्रा कामाला दिली, आणि त्या माणसानं चेसीस ग्राईंडरनं घासून वर प्रायमरचे दोन हात मारले. नंबर गायब. दोन दिवस मी थिनरमध्ये भिजवलेलं फडकं त्या जागेवर धरून बसलो, प्रायमर हळूहळू फुगून निघाला, मग पातळ कागद लावून सहा बी पेन्सिल आडवी धरून घासली आणि एक एक अंक कागदावर उमटला, शेवटचे दोन अगदी फिके. ती पेन्सिल छाप निघेपर्यंत घास गिळला नाही. तुम्ही गाडी कुणाच्याही हातात द्यायच्या आधी छाप काढा, फोटो काढा, त्या जागेवर ग्रीस लावून वर टेप चिकटवा. आणि नंबर पुसलाच तर स्वतः पंच मारायचा नाही, आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय ते करणं म्हणजे पोलिसांचं लफडं.

इंजिनचंही तसंच. जुन्या पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन टाकलेलं आपल्या भागात कितीतरी गाड्यांत बघायला मिळतं, पण ते आरसीवर चढलंय का? नसेल तर तपासणीत अडकलात. उद्यमनगरात बोअर मारून, स्लीव्ह घालून, क्रँक ग्राईंड करून तुमचंच इंजिन उभं राहतं, आमचं राहिलं. दुसरा इंजिन ब्लॉक बसवायचा झाला तर आधी परवानगी, आणि रंग बदलला तरी आरसीवर नोंद.

५० वर्षांवरची गाडी असेल तर वेगळाच रस्ता आहे, व्हिंटेज नोंदणी. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रानं हे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, चेसीस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली. अर्ज फॉर्म २० वर, सोबत इन्शुरन्स, फी, आधीची आरसी, आणि गाडी बाहेरनं आणलेली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते, पुनर्नोंदणीला ५,०००. सगळं बरोबर असेल तर ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये सर्टिफिकेट. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदलेल्या गाडीला राज्याचा कोड, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडी नंबर.

पण नीट विचार करा, व्हिंटेजवाली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच. दसरा चौकात शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा आपण सगळे मान उंच करून बघतो, तसली जपलेली गाडी असेल तर व्हिंटेज शोभतं. तुम्हाला दर रविवारी पन्हाळ्याला जायचं असेल तर साधं रिन्यूअलच बरं, असं माझं स्पष्ट मत. आणि पिकअप आरसीवर गुड्समध्ये असेल तर व्हिंटेजचं असो की घरगुती वापराचं, ट्रान्सपोर्टमधनं खाजगीत बदलायचा विषय आधी आरटीओत बोलून घ्या, टॅक्स आणि परमिटची थकबाकी मिटवून. आमची खाजगीच होती, तेवढं वाचलं.

शेवटचं लायसन्सचं, कारण आमच्या वयाचे लोक नेमकं हेच विसरतात. वयाच्या ५५ नंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं आणि डॉक्टरांचा दाखला, फॉर्म १ए, दर वेळी लागतो. मुदतीच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट. माझं मार्चमध्ये संपतंय, डोळ्यांचा नंबर तपासून घेतलाय, दाखल्यासाठी डॉक्टरांकडं गुरुवारी जायचंय, फाळक्याची दुसरी बिजागरी तोपर्यंत लेथवाल्याकडनं येईल.