वीस इंची चाकावरून डोंगरउतारावर : बीएमएक्सपटूंच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

रेवस ते रेडी हा किनारी रस्ता लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना आता चांगला ओळखीचा झाला आहे. पण कोकणात सायकलची आणखी एक शाळा आहे. सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्यांवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटांवर, शाळकरी पोरं सायकली घालतात, आणि पुढे त्यांतलाच कुणी विचारतो की डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतीत खरोखर कारकीर्द होते का, आणि तिची सुरुवात कुठून करायची. उत्तर या खेळाच्या इतिहासातच सापडतं. डोंगरउतारावरचे कितीतरी मोठे विजेते आधी वीस इंची चाकाच्या बीएमएक्सवर घडले आहेत.

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. श्विन कंपनीने 1963 मध्ये उंच हँडलची, वीस इंची चाकांची स्टिंग-रे बाजारात आणली. दक्षिण कॅलिफोर्नियातली मुलं ती घेऊन मोटरसायकलवाल्यांची नक्कल करत मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारू लागली. स्कॉट ब्राइटहॉप्ट या किशोरवयीन मुलाने 1970 मध्ये लाँग बीचच्या मोकळ्या जागेत शर्यती भरवायला घेतल्या. पुढचा प्रवास वेगाने झाला : 1977 मध्ये अमेरिकन बायसिकल असोसिएशन, 1982 मध्ये ओहायोतल्या डेटनला पहिली जागतिक स्पर्धा, 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना यूसीआयमध्ये समावेश आणि 2008 मध्ये बीजिंग ऑलिम्पिक.

माउंटन बाइकची सुरुवातही कॅलिफोर्नियातच झाली, फक्त उत्तरेला. मरीन काउंटीत 21 ऑक्टोबर 1976 रोजी ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत पहिल्यांदा झाली. सायकली जुन्या, जड, मागच्या चाकाच्या हबमध्येच (मधल्या तुंब्यात) ब्रेक असलेल्या. पेडल उलटं दाबून सतत ब्रेक लावला की हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागे. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही मंडळी या गोतावळ्यातली. यूसीआयची पहिली माउंटन बाइक जागतिक स्पर्धा 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला झाली.

या दोन प्रवाहांचा संगम सर्वांत स्पष्ट दिसतो तो जॉन टोमॅकच्या कारकिर्दीत. मिशिगनचा हा मुलगा मंगूस या सायकल कंपनीच्या संघातून बीएमएक्स खेळत मोठा झाला आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात माउंटन बाइककडे वळला. मध्ये तो 7-इलेव्हन संघातून रस्त्यावरच्या शर्यतीही खेळला, आणि 1990 मध्ये तर यती कंपनीच्या माउंटन बाइकवर रेसिंग सायकलचं वाकडं हँडल लावून उतरला. 1991 मध्ये इटलीतल्या इल चोक्कोला त्याने क्रॉस-कंट्रीचं (चढउतारांच्या लांब शर्यतीचं) जागतिक सुवर्ण मिळवलं आणि त्याच स्पर्धेत डाउनहिलचं रौप्यही. आजच्या काटेकोर वर्गवारीत असा खेळाडू पुन्हा घडणं फार अवघड आहे.

फ्रान्सच्या दिजाँची आन-कॅरोलीन शोसाँ लहानपणी बीएमएक्स खेळली. मग डाउनहिलमध्ये 1996 ते 2003 सलग आणि पुन्हा 2005 मध्ये ती जगज्जेती झाली. बीएमएक्स ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा ती छोट्या चाकाकडे परतली आणि वयाच्या तिसाव्या वर्षी बीजिंगचं पहिलंवहिलं सुवर्ण तिने नेलं. कांस्य मिळालं जिल किंटनरला. तीही बीएमएक्समधून आलेली, आणि 2005 ते 2007 सलग तीन वर्षं फोर-क्रॉसची जगज्जेती. फोर-क्रॉसमध्ये चार जण एकदम उतारावर सुटतात. 2002 पासून जागतिक स्पर्धेत आलेला हा प्रकार दोन्ही खेळांमधला पूल ठरला. ब्रायन लोप्सने त्यात 2002, 2005 आणि 2007 मध्ये बाजी मारली, तोही बीएमएक्सचाच.

डाउनहिलला लागणारं कसब बीएमएक्समधून नेमकं येतं कसं? पहिली गोष्ट सुटण्याची. शर्यत सुटते त्या ठिकाणी आठ जण आडव्या गेटला पुढचं चाक टेकवून, दोन्ही पेडलवर उभे असतात. ‘वॉच द गेट’ या शब्दांनंतर गेट पडायला 0.1 ते 2.7 सेकंदांमधला कितीही वेळ लागू शकतो, त्यामुळे अंदाजाने सुटता येत नाही. गिअर एकच. पुढे 44 आणि मागे 16 दात घेतले, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सव्वाचार मीटर जाते. सुटताना जड पेडल आणि नंतर मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या, दोन्ही त्याच गिअरवर.

दुसरी गोष्ट ‘पंप’. उंचवट्यावर चढताना हातपाय सैल सोडून सायकल अंगाखाली येऊ द्यायची आणि माथा ओलांडताच हातापायांनी ती खाली दाबायची. एकही पेडल न मारता वेग वाढतो. बीएमएक्सला सस्पेन्शन नाही, त्यामुळे चूक झाली की लगेच मनगटाला कळतं. स्वस्त शॉकअपची सायकल घेऊन थेट घाटात जाणाऱ्या मुलाची तीच चूक स्प्रिंग गिळून टाकते, आणि सवय चुकीचीच राहते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं साध्या, बिनस्प्रिंगच्या चिमट्याच्या, मजबूत सायकलवर काढावीत असं आमचं ठाम मत आहे.

कारकिर्दीचा सांगाडा असा : यूसीआयच्या डाउनहिल वर्गवारीत 17 आणि 18 वर्षांचे ज्युनिअर, 19 पासून एलिट. कंपनीच्या संघात जागा मिळाली तर सायकल, मेकॅनिक, प्रवास आणि मानधन मिळतं. बाकीचे प्रवेश फी आणि विमानभाडं स्वतः भरतात, सुटे भाग सवलतीत मिळाले तरी नशीब. गळपट्टीचं हाड मोडणं या खेळात नित्याचं, आणि त्याहून गंभीरही घडतं. बीएमएक्समधल्या ऑलिम्पिक रौप्यविजेत्या सॅम विलबीची कारकीर्द 2016 मध्ये सरावात मानेला झालेल्या दुखापतीने संपली. फुल-फेस हेल्मेटवर कुणी काटकसर करू नये.

भारतात राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धा सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया घेते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. पोनमुडीही सह्याद्रीच्याच रांगेत, मुसळधार पावसाच्या मुलखात येते. म्हणजे आपला भूगोल आड येत नाही.

सरावाचा ट्रॅक वाडीतही होतो. खळं चोपण्याची विद्या इथे कामी येते. दसऱ्यानंतर, जमिनीत ओल असतानाच, तांबडी माती चाळून गोटे काढावेत, बोटभर थर टाकत धुम्मस आणि चोपण्याने ठोकून बसवावी. उंचवटा 40 सेंटिमीटर तर दोन माथ्यांतलं अंतर चार मीटर, हे प्रमाण सुरुवातीला सोडू नये. अंतर कमी ठेवलं की मागचं चाक आपटतं आणि लय तुटते. वळणांच्या पोटाशी चर खणला नाही तर पहिल्या वळवातच बांध फुटतो. जूनपूर्वी ताडपत्री आणि वर झापं घालावीत.

पाखाडीवर ब्रेक पायऱ्यांच्या आधी लावावा, पायरीवर नाही. पावसाळ्यात आणि दिवाळीनंतरही सावलीतल्या चिऱ्यावर शेवाळ असतं, तिथे पुढचा ब्रेक म्हणजे पडणंच. जांभ्याच्या कडा टायरची बाजू कापतात, म्हणून जाड, दुहेरी बाजूचं टायर घ्यावं. ट्यूबलेस असेल तर साधारण 25 पीएसआय हवा पुरते. ट्यूब असेल तर तीस-बत्तीस, नाहीतर पायरीच्या कडेला ट्यूब चिमटून दोन समांतर छेद पडतात. लाल चिखलात ऑर्गॅनिक (मऊ, राळेत बांधलेले) ब्रेकपॅड भराभर झिजतात, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) टिकतात. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची सीटपोस्ट गंजून कायमची अडकते, म्हणून महिन्यातून एकदा ती बाहेर काढून पुसावी आणि पुन्हा ग्रीस लावून बसवावी. धुताना पाण्याची जोरदार धार हब आणि बीबीवर (पेडलच्या आसाच्या बेअरिंगवर) मारू नये. छर्ऱ्यांतलं ग्रीस निघून जातं आणि आत पाणी राहतं.